पाणसळ

नाहे नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, इडारमध्ये, माझं दुकान.
काचेमागच्या पाट्या माझ्याच अक्षरातल्या:
गुलाबी स्फटिक, मनासाठी.
जांभळा, झोपेसाठी.
काळा, नजर लागू नये म्हणून.
काळ्याचं खरं सांगू? तो मुळात राखाडी.
तीन आठवडे मधाच्या पाण्यात, मग तेजाबात,
असा काळा केला त्याला आमच्याच आजोबांनी.
नजर लागलीच असेल तर ती दगडाला.

वडील पालथे पडून अकीक घासायचे.
छाती फळीवर, पाय मागच्या लाकडाला रेटलेले,
नाकापुढे पुरुषभर उंचीचं चाक,
ओढ्याच्या पाण्यावर गरगरणारं.
दगड गुळगुळीत होत गेले. वडील खरखरीत.
रात्री भिंतीपलीकडून त्यांचा श्वास यायचा,
वाटायचं, घरात कुणीतरी अजून घासतंय.
डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला.
वडील म्हणाले, लोक गळ्यात घालतात,
मी आत घातली.

त्यांच्या मागे एकच दगड राहिला.
ब्राझीलहून आलेला, बोरापेक्षा थोडा मोठा,
पोटात पाणी. माणसं नव्हती तेव्हाचं.
तिरपा केला की आत एक बुडबुडा सरकतो,
सावकाश, म्हाताऱ्यानं खुर्ची बदलावी तसा.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात,
हा पाझर तसाच राहिला, कोंडून.
वडील तो छातीवर ठेवून पडायचे
आणि बघायचे: चढला. उतरला. चढला.
त्याच्यावर मी किंमत कधी लिहिली नाही.

ऑक्टोबरात किर्नहून फोल्कर आला.
ओली टोपी हातात पिळत म्हणाला,
फ्राउ वाइरिख, श्वासासाठी काय आहे तुमच्याकडे?
आई. चाळीस वर्षं फरशा कापल्या तिनं,
न्हाणीघरांच्या, शाळांच्या, एका पोहण्याच्या तलावाच्या.
आता नाकात नळी, पलंगाशेजारी सिलिंडर.
श्वासासाठी निळा असतो. डावीकडचा तिसरा खण,
चौदा युरो, सोबत छापील कागद.
माझा हात त्या खणापर्यंत गेलासुद्धा.
मग काय झालं कुणास ठाऊक,
मी गल्ल्याखालची डबी उघडली.
म्हटलं, विकत नाही. नेऊन दे. परत आण.
हा काय करतो, त्यानं विचारलं.
काही नाही, मी म्हणाले. ह्याच्यात पाणी आहे.

मार्चमध्ये आला. टोपी कोरडी.
डबी काउंटरवर ठेवली आणि थोडा वेळ
खिडकीतल्या गुलाबी दगडांकडेच बघत राहिला.
आईला पटलं का, मी विचारलं.
(असं विचारू नये, विचारल्यावर कळलं.)
हसली, तो म्हणाला. खोकला येईपर्यंत हसली.
म्हणाली, अरे गाढवा, ही तर पाणसळ!
मग ताटाच्या टेबलावर ठेवला तिनं दगड,
बुडबुडा बघितला, आणि मला वाकायला लावलं:
पुढच्या पायाखाली पुठ्ठा. अजून एक घडी. बास.
पलंग. कपाट. खिडकीची चौकट
तिच्या मते बांधली तेव्हापासून चुकलेली.
बाबांचा फोटो अकरा वर्षं कलता होता,
तिनं पडल्या पडल्या बोट दाखवून सरळ करवला.
नर्सची ट्रॉलीसुद्धा सोडली नाही.
शेवटच्या आठवड्यात खोलीतलं सगळं सपाट होतं,
फ्राउ वाइरिख. चहा सांडायची सोयच नव्हती.

तो गेल्यावर दगड दिव्यापाशी धरला.
बुडबुडा मोठा झालाय.
वडील सांगायचे, पातळ घासलं की
पाणी उडून जातं, डोळ्यांना दिसत नाही कुठून.
ह्याला त्यांनीच घासलं होतं. शेवटी शेवटी.

संध्याकाळी काउंटरवर ठेवला.
बुडबुडा दाराकडे सरकला आणि थांबला.
म्हणजे तीस वर्षं मी तिरप्या फळीवर
दगड तोलून विकतेय.
पुठ्ठा शोधला. नव्हता.
निळ्याची पाटी काढली, चौघडी केली
आणि पायाखाली सारली.